कालव्यात पोहलेला मुलगा : अब्देल हलीम हाफेझ यांच्या यकृताची गोष्ट

लिव्हर खराब झाले आहे, असे घरात कळले की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. पितो का? नातेवाईक तो दबक्या आवाजात विचारतात, शेजारीपाजारी न विचारताच उत्तर धरून चालतात. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, त्याला हा संशय आजाराइतकाच छळतो. काही रुग्ण तर या भीतीने निदानच लपवतात, आणि मग तपासण्या आणि औषधेही चोरूनच चालतात. तुमच्या घरी असा रुग्ण असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर इजिप्तच्या एका गायकाचे आयुष्य जाणून घ्या. त्यांचे यकृत बिघडायला सुरुवात झाली ती गावच्या पाण्यात, आणि तेव्हा ते शाळकरी मुलगा होते.

अब्देल हलीम हाफेझ हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. अरबी भाषा बोलणाऱ्या देशांत मात्र ते सांगावे लागत नाही. आपल्याकडे मोहम्मद रफी किंवा किशोरकुमार यांना जे स्थान आहे, साधारण तसे तिकडे त्यांचे. त्यांना सावळा बुलबुल म्हणत. मोरोक्कोपासून इराकपर्यंत टॅक्सीत, चहाच्या दुकानांत, लग्नात त्यांची गाणी अजून वाजतात.

जन्म 21 जून 1929 चा. मूळ नाव अब्देल हलीम अली शबाना. नाईल नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे फाटे फुटून पसरते, त्या सुपीक प्रदेशात शरकिया नावाचा प्रांत आहे. तिथले अल-हलावात हे त्यांचे खेडे. हलीम अगदी तान्हा असताना आई गेली आणि लवकरच वडीलही गेले. चार भावंडांतला हा धाकटा नातेवाइकांकडे वाढला. काही काळ अनाथाश्रमातही राहिला.

त्या भागातली खेडी कालव्यांवर जगतात. आपल्याकडे पाटाकाठी वस्ती असते तशीच. बायका पाटावर भांडी घासायच्या, कपडे धुवायच्या, म्हशी त्याच पाण्यात बसायच्या, माणसेही तिथेच आंघोळ करायची. घरात नळ नव्हता आणि शौचालय नव्हते, म्हणून मलमूत्र शेवटी त्याच पाण्यात जायचे. उन्हाळ्यात पोरे दिवसभर पाण्यात डुंबायची. हलीमही डुंबायचा. त्यात व्रात्यपणा काही नव्हता. तिथल्या कुठल्याही पोराने तेच केले असते, आणि करत होते.

त्या पाण्यात बिलहार्झिया होता.

पाण्यातून यकृतापर्यंत

बिलहार्झिया हा रक्तात राहणाऱ्या एका कृमीचा आजार. थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरांनी 1851 साली कैरोच्या रुग्णालयात शवविच्छेदन करताना हा कृमी पाहिला, म्हणून त्यांचे नाव. आजार मात्र फार जुना. इजिप्तच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींमध्येही या कृमीची अंडी सापडली आहेत.

त्याचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. आजारी माणसाच्या मलमूत्रातून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी एका विशिष्ट जातीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, आणि काही आठवड्यांनी हजारोंच्या संख्येने पुन्हा पाण्यात उतरते. ही नवी अळी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अखंड कातडीतून ती काही मिनिटांत आत जाते. ते पाणी प्यायची गरज नाही, पायाला जखम असायची गरज नाही. फक्त पाण्यात उतरायचे. नंतर थोडी खाज येते, कधी ताप येतो, आणि सगळे विसरून जातात.

आत गेलेले कृमी मोठे होतात आणि नर-मादीच्या जोड्या करून राहतात. एक जात मूत्राशयाजवळच्या शिरांत राहते, तिच्यामुळे लघवीतून रक्त जाते. दुसरी जात आतड्याच्या शिरांत राहते, आणि यकृताचे नुकसान मुख्यतः हीच करते. ती रोज शेकडो अंडी घालते. त्यांतली काही शौचावाटे बाहेर पडतात. उरलेली रक्ताबरोबर वाहत जातात, आणि आतड्यातले सगळे रक्त आधी यकृतात जात असल्याने तिथे अडकतात. शरीर प्रत्येक अंड्याभोवती सुजेची गाठ करते, गाठीचा व्रण होतो. अशी वर्षे गेली की यकृतात रक्त आणणाऱ्या नळ्यांभोवती पांढऱ्या, घट्ट तंतूंच्या भिंती तयार होतात. असे यकृत कापले तर आत मातीच्या चिलमीचे दांडे रोवल्यासारखे दिसतात. 1904 साली हे वर्णन पहिल्यांदा झाले तेही इजिप्तमधल्याच रुग्णांवरून.

या आजारात यकृताच्या पेशी बराच काळ शाबूत राहतात. बिघडतो तो रक्ताचा रस्ता. म्हणून कावीळ नसते, भूक बरी असते, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्याही बऱ्या येऊ शकतात, आणि आत मात्र दाब वाढत असतो. बिलहार्झियाशी तुमचा संबंध नसला तरी ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, यांपैकी कशानेही यकृत आकसत जाते तेव्हाही सुरुवातीला रिपोर्ट चांगले असू शकतात. एलएफटी नॉर्मल आली म्हणजे यकृताला काहीच झालेले नाही, असा अर्थ होत नाही. सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसणे, रक्तातल्या प्लेटलेट कमी होणे, ही दाब वाढल्याची खूण असू शकते. त्या दोन ओळी डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

आपल्याकडे हा आजार आहे का, असे तुम्ही विचाराल. जवळजवळ नाही. अपवाद म्हणून एका गावाचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत आहे आणि ते महाराष्ट्रातले आहे: रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी. तिथे 1952 साली लघवीच्या बिलहार्झियाचे रुग्ण नोंदवले गेले, पुढे तो आटोक्यात आला. पण आफ्रिकेत नोकरीला असणाऱ्या आणि तिथल्या तळ्या-नद्यांत पोहून आलेल्या माणसाने डॉक्टरांना हे आपणहून सांगायला हवे. न सांगितले तर आपल्याकडच्या डॉक्टरला ते सहसा सुचणार नाही.

गाणे आणि पहिले रक्त

हलीम शिकायला कैरोला आले. संगीत संस्थेत ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य शिकले आणि 1948 साली पदवी घेतली. काही वर्षे शाळांत संगीत शिकवले, मग आकाशवाणीच्या वाद्यवृंदात वादक म्हणून लागले. गळा लक्षात आला तो तिथे. हाफेझ हे आडनाव त्यांचे नव्हेच. आकाशवाणीतल्या ज्या अधिकाऱ्याने त्यांना गायला पुढे केले, त्यांच्या नावातून ते घेतलेले. त्यांची हळुवार, बोलल्यासारखी गाण्याची पद्धत सुरुवातीला लोकांना रुचली नाही. 1953 नंतर मात्र तीच पद्धत सगळ्यांना हवीशी झाली. सोळा चित्रपट झाले, ज्यांत नायकही तेच आणि गायकही तेच.

आणि हे सगळे जुळून येत असतानाच, 1950 च्या दशकाच्या मध्यात, त्यांना रक्ताची पहिली मोठी उलटी झाली. वय सत्तावीसच्या आसपास. लहानपणी पाण्यातून आलेला पाहुणा इतकी वर्षे गप्प होता.

असे का होते, ते थोडक्यात सांगतो. यकृतातला रस्ता बंद होत गेला की मागे तुंबलेले रक्त दुसरी वाट शोधते. त्या वाटांपैकी एक अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या बारीक शिरांतून जाते. या शिरा एवढ्या रक्तासाठी नसतात. त्या फुगतात, पातळ होतात, आणि एक दिवस फुटतात. दुखत काहीच नाही. आधी सूचनाही मिळत नाही. धडधाकट दिसणारा माणूस जेवता जेवता उठतो आणि बेसिन लाल होते.

पुढची वीस वर्षे हलीम यांनी असे किती प्रसंग काढले असतील! कैरोतली रुग्णालये, लंडनच्या फेऱ्या, पुन्हा पुन्हा चढवलेले रक्त, आणि मध्ये तासन् तास उभे राहून गायचे कार्यक्रम. अन्न मोजून मापून खायचे. लग्न केले नाही. आणि वर ऐकून घ्यायचे की आजारपण हे सहानुभूती मिळवायचे नाटक आहे. असे बोलणारे तेव्हा होते, कारण रंगमंचावर उभा असलेला देखणा माणूस आजारी दिसत नव्हता. यकृताच्या रुग्णांना हा अनुभव घरोघरी येतो. दिसायला तर बरा आहेस, मग एवढा थकतोस कसा? घरच्यांना एवढेच सांगेन की हा थकवा खरा असतो आणि चेहऱ्यावर तो दिसेलच असे नाही.

त्या काळी डॉक्टरांच्या हातात काय होते? रक्त चढवणे, अन्ननलिकेत फुगा घालून शीर दाबून धरणे, प्लीहा काढणे किंवा रक्ताला वळणरस्ता करून देणारी मोठी शस्त्रक्रिया. फुगलेल्या शिरांचा दाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या या कामासाठी वापरात आल्या त्या 1980 च्या सुमारास. दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी बँड लावून त्या बंद करण्याची पद्धत 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. आज तालुक्याहून थोड्या मोठ्या गावांतही बँडिंग होते. हलीम यांच्याकडे पैसा होता, ओळखी होत्या, लंडनचे डॉक्टर होते. फक्त हे उपाय अजून जन्मलेले नव्हते.

म्हणून, तुम्हाला सिऱ्होसिस किंवा पोर्टल शिरेचा दाब वाढल्याचे सांगितले असेल, तर दुर्बिणीची तपासणी एकदा तरी झाली आहे ना, हे विचारा. शिरा फुटण्याआधी सापडल्या तर बरेच करता येते. दाबासाठी दिलेली गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करू नका. अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका, अशा कित्येक गोळ्यांनी रक्तस्राव होतो. आणि रक्ताची उलटी झाली, उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट आली, किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होऊ लागली, तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडाने पाणीही देऊ नका, आणि जिथे एंडोस्कोपी होते अशाच रुग्णालयात न्या. ते कुठले, हे आजच शोधून फोनमध्ये नंबर ठेवा. रात्री दोन वाजता शोधायला सुरुवात केली तर उशीर होतो. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. पण खात्री डॉक्टरांना करू द्या.)

धरणाचे गाणे

हलीम हे 1952 च्या इजिप्शियन क्रांतीचेही गायक होते. आस्वानच्या मोठ्या धरणाचे काम 1960 साली सुरू झाले, आणि त्या धरणाच्या कौतुकाचे त्यांचे गाणे इजिप्तभर गाजले. देशाला वीज मिळाली, बारमाही पाणी मिळाले, महापूर थांबले. पण बारमाही पाणी गोगलगायींनाही मिळते. पूर्वी नाईलचा पूर यायचा, ओसरायचा, आणि जमीन कोरडी पडली की गोगलगायी मरायच्या. एकोणिसाव्या शतकापासून कापसासाठी बारमाही कालवे सुरू झाले आणि हे चक्र मोडले. हलीम यांचे बालपण त्याच कालव्यांवर गेले. मोठ्या धरणानंतरच्या काळात नाईलच्या मुखाकडच्या प्रदेशात लघवीचा बिलहार्झिया कमी होत गेला आणि त्याची जागा आतड्या-यकृताच्या जातीने घेतली. ज्या आजाराने हलीम यांना आतून पोखरले, त्याचाच मुलूख वाढला.

धरण बांधायलाच नको होते असे मी म्हणत नाही. पाण्याबरोबर नळ, शौचालय आणि दवाखाना गावात पोहोचायला हवा होता. तो मागे राहिला.

1976 च्या वसंतात कैरोत त्यांचा कार्यक्रम झाला. कॉफीच्या कपात भविष्य पाहणाऱ्या बाईवरचे नवे गाणे त्यांनी तिथे पहिल्यांदा गायले. निझार कब्बानी यांची ती कविता होती. प्रेक्षागृहात काही जण शिट्ट्या वाजवून गोंधळ घालत होते, आणि आजारी हलीम चिडले. तरीही गाणे पुरे केले. अरबी संगीतात ते गाणे आता अभिजात मानले जाते. पुढच्या वर्षी, 30 मार्च 1977 रोजी, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. वय 47. कैरोत अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी लोटली. त्या गर्दीतल्या कितीतरी लोकांच्या यकृतात तीच अंडी होती. फक्त त्यांच्यासाठी लंडन नव्हते.

औषधाची सुई

हलीम यांच्यानंतरची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

बिलहार्झियावर तेव्हा जे औषध होते ते अँटिमनी या धातूच्या क्षाराचे, शिरेतून द्यायचे. एका रुग्णाला काही आठवड्यांत डझनभर इंजेक्शने लागत. इजिप्त सरकारने गावोगावी मोहिमा काढल्या, 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत. हेतू चांगला, कामही प्रचंड. पण सिरिंजा काचेच्या होत्या, सुया मोजक्या, रांग मोठी. घाईत उकळलेली किंवा न उकळलेलीच सुई एकाच्या शिरेतून दुसऱ्याच्या शिरेत जात राहिली. रक्तातून पसरणारा एक विषाणू तेव्हा कोणाला माहीत नव्हता. तो 1989 साली सापडला: हिपॅटायटिस सी. एका यकृताच्या आजारावर उपचार करताना दुसरा यकृताचा आजार घराघरांत पोहोचवला गेला होता. 2008 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 59 वयाच्या दर शंभर इजिप्शियन लोकांपैकी सुमारे पंधरा जणांच्या रक्तात या विषाणूची खूण सापडली. जगात सर्वांत जास्त. प्रमाण जास्त होते ते खेड्यांत आणि त्या मोहिमांच्या काळात वाढलेल्या पिढीत.

यांतल्या एकानेही चूक केली नव्हती. ते सरकारी दवाखान्यात, सांगितल्याप्रमाणे, रांगेत उभे राहिले होते.

बिलहार्झियासाठी 1980 च्या दशकात प्राझिक्वांटेल ही तोंडाने घ्यायची गोळी आली आणि सुया थांबल्या. हिपॅटायटिस सीचे उत्तर यायला आणखी तीस वर्षे लागली. सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत 84,000 डॉलर होती. इजिप्तने 2014 साली घासाघीस करून ते 900 डॉलरला मिळवले, पुढे देशातच बनवून शंभर डॉलरच्याही खाली आणले. ऑक्टोबर 2018 ते एप्रिल 2019 या सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांची तपासणी केली: दवाखान्यांत, मशिदींसमोर, चौकात गाड्या लावून. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना उपचार फुकट. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या उच्चाटनाच्या वाटेवर सुवर्ण श्रेणी गाठणारा पहिला देश म्हणून इजिप्तचे नाव जाहीर केले. श्रीमंत देशांना जे जमले नव्हते, ते या देशाने करून दाखवले.

हिपॅटायटिस सीचा विषाणू आपल्याकडेही आहे. पूर्वी कधी रक्त चढवले असेल, डायलिसिस चालू असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, गोंदवून घेतले असेल, किंवा गावातल्या दवाखान्यात तीच सुई उकळून सगळ्यांना टोचली जायची हे आठवत असेल, तर हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्हींची तपासणी एकदा करून घ्या. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 पासून सुरू आहे, आणि त्याखाली सरकारी केंद्रांवर ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सी निघाला तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि तो बरा होतो. बी निघाला तर तो पूर्ण जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो, आणि घरातल्या बाकीच्यांना लस देता येते. बाळ होणार असेल तर गरोदर बाईची तपासणी आधीच व्हावी. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत मिळायला हवी. प्रसूतिगृहात विचारून घ्या, कार्डावर तारीख आणि वेळ लिहून घ्या.